क्रूझवर मुलांनी काय करावं?

पुण्याला समुद्र नाही. सदाशिव पेठेतल्या मुलांचं पाणी म्हणजे पावसाळ्यात फुगणारी मुठा, फार तर खडकवासला. त्यामुळे मुंबई-गोवा क्रूझचा बेत ठरला तेव्हा मुलं नाचली. दादींच्या कपाळाला मात्र आठी पडली. कॅसिनो, नाचगाणं, आणि नमाजचं काय? त्यांच्या मनात ‘रामदास’ही होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. दादींचं माहेर रेवसच्याच बाजूचं.

‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं. मुंबईहून त्याच्या सफरी २०२१ मध्ये सुरू झाल्या. जाहिरातीत दिसतात तो पोहण्याचा तलाव, चढाईची भिंत, रंगमंचावरचे खेळ हे सगळं मुलांनी केलंच. कॅसिनोकडे आम्ही फिरकलो नाही. कुणी ओढूनही नेत नाही. हलालबद्दल मात्र बुकिंग करतानाच स्पष्ट विचारून घ्यावं.

बहुतेक लोक ज्याला कंटाळतात, ती सुरक्षेची कवायत आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटली. २०१५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे धोका: आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. दादींनी लाइफ जॅकेटचा पट्टा दोनदा बांधून पाहिला, मग नातवंडांचे तपासले. त्या रात्री त्या शांत झोपल्या.

नमाजची दिशा शोधण्याचं काम मुलांवर सोपवलं. जहाजाच्या लोखंडामुळे मोबाइलचं होकायंत्र चुकू शकतं, मग डोकंच चालवावं लागतं. गोव्याकडे जाताना जहाजाचं तोंड साधारण दक्षिणेला, म्हणून किब्ला उजव्या हाताला, थोडा मागे. परतताना डाव्या हाताला, थोडा पुढे. हिवाळ्यात सूर्य बुडतो त्याच्या जरा उजवीकडे धरलं की ताळा जमतो. १९९५ पर्यंत हाजी मुंबईहून जहाजाने जेद्दाहला जात. दादींचे वडीलही तसेच गेले होते. ते किब्ला कसा ओळखत असतील, यावर जेवणाच्या टेबलावर बराच वेळ चर्चा झाली.

खरी मजा ‘कमाल’ने आणली. अरब नाविकांचं हे साधन: लाकडी पाटी आणि गाठी मारलेली दोरी, बस्स. पंधराव्या शतकातले प्रसिद्ध नाविक अहमद इब्न माजिद यांच्या काळात ताऱ्यांची उंची बोटांच्या मापात मोजत. मुलांनी निघण्याआधी आमच्या पेठेतल्या गच्चीवर पुठ्ठ्याची कमाल केली. दोरीचं टोक दातात धरायचं, पुठ्ठ्याची खालची कड क्षितिजावर, वरची ध्रुवताऱ्यावर. गच्चीवरून क्षितिज कुठलं दिसायला? म्हणून डोळ्याच्या पातळीतला समोरच्या इमारतीचा कठडा धरला आणि दोरीला गाठ मारली. ध्रुवतारा क्षितिजापासून जेवढे अंश वर, साधारण तेवढं आपलं अक्षांश. पुण्याचं साडेअठरा, पणजीचं साडेपंधरा. म्हणजे दक्षिणेला गेल्यावर तारा खाली उतरायला हवा.

गोवा सोडल्यावर मगरिबनंतर, क्षितिजाची रेघ पुसण्याआधी, सगळे उघड्या डेकवर जमलो. वारा असा की पुठ्ठा हातात ठरेना. धाकटी म्हणाली, “अब्बा, तारा पुठ्ठ्याच्या आत गेला!” मग पुठ्ठा पुढे सरकवत नेला. पुण्यातल्या गाठीपासून चारेक बोटं पुढे गेल्यावर तारा पुन्हा कडेवर आला. तिथे दुसरी गाठ पडली. शेजारच्या कुटुंबातली दोन मुलं येऊन विचारू लागली, आणि मग कमाल परत आमच्या हाती यायला इशा उजाडली.