रात्रपाळीला कुणी विचारतं का?

सरकारी दवाखान्याविषयी आपण बायका किती बोलतो! डॉक्टर होते का, गोळ्या मिळाल्या का, सिस्टर अंगावर ओरडली का. पण रात्री दोन वाजता तिथे जे तीन-चार जीव जागे असतात, त्यांना स्वतःला तो दवाखाना रोग्यासाठी सुरक्षित वाटतो का, हे आपण विचारत नाही. मीही विचारलं नसतं. पण माझ्या थोरल्या नणंदबाई नर्स आहेत. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही.

आमचं बोरी जिंतूर-परभणी रस्त्यावर. इकडच्या सपाटीच्या मुलखात तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सहा खाटांचं, असा सरकारी हिशेब. २०१४ पासून १०८ ची गाडी आली, तो मोठाच आधार झाला. पण गाडी येईपर्यंतचं सगळं त्या तीन-चार जणांवरच.

अक्कांनी सांगितलेली गोष्ट. बाळंतपण नुकतं झालेलं, वीज गेलेली, टॉर्चचा उजेड. बाळाला व्हिटॅमिन के टोचायचं होतं. आईचं रक्त थांबवायचं मेथर्जिन त्याच ट्रेमध्ये. दोन्हींच्या काचेच्या बारीक कुप्या शेजारी शेजारी. ही अदलाबदल जगात अनेक ठिकाणी झालेली आहे, आणि त्या चिमुकल्या जिवाला झटके येतात, श्वास अडतो. नव्या सिस्टरनं कुपी फोडायला घेतली, तोच बाळाला धरून उभी असलेली आया म्हणाली, "बाई, ही तर आईला टोचता ती!"

बाळ वाचलं. रजिस्टरात काय लिहिलं? काहीच नाही. "काही घडलंच नाही तर लिहायचं काय? आणि लिहिलं तर कारणे दाखवा नोटीस कुणाला येणार?" अक्का म्हणाल्या. म्हणजे वरच्या साहेबांच्या कागदावर चुका शून्य! शाळेत मी अर्धवेळ शिकवते, तेव्हा मला ही शून्यं चांगली ठाऊक आहेत. लाल शाईला भिणारं पोर गणित इतकं खोडतं की वहीचं पान फाटतं. पण चूक म्हणून दिसत नाही.

मग मोजायचं कसं? अमेरिकेत टेक्सासमध्ये यासाठी एक प्रश्नावली तयार झाली. तिचं मूळ विमानं चालवणाऱ्यांना विचारायच्या प्रश्नांत आहे, हे वाचून मला गंमत वाटली. चुका मोजायच्याच नाहीत, माणसांना विचारायचं: चुकतंय असं दिसलं तर इथे बोलता येतं का? तुम्ही स्वतः आजारी पडलात तर इथे निर्धास्त झोपाल का? नाव लिहायचं नाही, पाच घरांपैकी एकात खूण करायची. नॉर्वेमध्ये रात्री-सुटीच्या दिवशी चालणाऱ्या दवाखान्यांतल्या डॉक्टर-नर्सेसनाही २०१२ साली असं विचारलं होतं. याला 'रुग्णसुरक्षेची संस्कृती' म्हणतात. मी आपलं वळण म्हणेन. घराला असतं तसं दवाखान्यालाही वळण असतं, आणि ते पाहुणे गेल्यावर, म्हणजे रात्रीच, कळतं.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. चौकशी झाली, कारवाई झाली. पण त्याच्या आदल्या महिन्यात रात्रपाळीच्या नर्सेसना कुणी असा कागद दिला असता, तर त्यांनी काय लिहिलं असतं, हे माझ्या मनातून जात नाही.

मी उत्साहाने पाच प्रश्न मराठीत लिहून अक्कांना दिले. त्या हसल्याच. "अगं, चार माणसांत निनावी कसलं? अक्षर नको, खुणेवरूनही कळतं. आणि आमच्या आयाबाईला वाचता कुठे येतं?" बरोबरच होतं. मोठ्या दवाखान्यात शंभर कागदांत एक कागद लपतो, इथे कुठे लपणार? खरं तर तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांची उत्तरं एकत्र करायला हवीत आणि साहेबांच्या हाती फक्त बेरीज द्यायला हवी. पण बोलून बाळ वाचवणारी तर आयाच होती. तिचंच उत्तर गाळून कसं चालेल?

शेवटी स्वयंपाकघर कामाला आलं. झाकणाला भोक पाडलेला एक डबा, 'हो'साठी ज्वारीचा दाणा, 'नाही'साठी तुरीचा. प्रश्न महिन्याला एकच, तोंडी. दाणा मुठीत नेऊन ज्याने त्याने एकट्याने टाकायचा. पहिला प्रश्न: डॉक्टर किंवा सिस्टर चुकतेय असं वाटलं तर तुम्ही थांबवू शकता का?

पहिल्या महिन्यात चार दाणे पडले. तीन तुरीचे.

अक्कांनी ते कुणाला दाखवले नाहीत, कुणाचा कोणता हेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आईचा ट्रे आणि बाळाचा ट्रे वेगळा केला, बाळाच्या ट्रेला पिवळं फडकं बांधलं, आणि कुपी फोडण्याआधी तिचं नाव मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने 'हो' म्हटल्याशिवाय फोडायची नाही, असं ठरवलं. डॉक्टरसाहेबांनी आधी कुरकुर केली. आता तेही म्हणतात. डबा अजून तिथेच आहे, आणि परवा १०८ च्या ड्रायव्हरनेही एक दाणा मागून घेतला.