मागची सीट

आमची जुनी क्वालिस विकून नवी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा मला वाटले होते की हे आठ-पंधरा दिवसांचे काम आहे. चार शोरूम फिरायच्या, दोन गाड्या चालवून बघायच्या, आकडा जमला की चावी घ्यायची. प्रत्यक्षात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत गाड्यांची माहिती झालीच, पण स्वतःच्या घराची जी माहिती झाली ती या वयात होईल असे वाटले नव्हते.

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. नाव ऐकून पत्ता विचारणारे आणि पत्ता ऐकून पुन्हा नाव विचारणारे मला आयुष्यभर भेटत आले आहेत. अब्बा तरुणपणी म्हसळ्याहून पुण्यात आले, पेठेतल्या एका छापखान्यात बाइंडिंगचे काम शिकले आणि पुढे एका वाड्यात दोन खोल्या घेऊन स्वतःचे काम सुरू केले. त्यांना कोणी ‘तुम्ही इथे कसे?’ असे विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे. ‘पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची. १७६१ साली पानिपतावर भाऊंचा तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळत होता. मग भाऊंच्या पेठेत एखादा खान राहिला तर बिघडले कुठे?’ विचारणारा हसायचा आणि अब्बा पुन्हा खळ लावायला बसायचे.

त्या दोन खोल्यांत मी वाढलो आणि माझी बाजीही. बाजी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. लग्नानंतर तीन वर्षांतच ती विधवा होऊन परत आली. मी एस. पी. कॉलेजात शिकत होतो तेव्हा ती दिवसभर फर्म्यांच्या घड्या घालायची, रात्री जुजबंदीची शिवण करायची. माझ्या फीचे पैसे त्या घड्यांतून आले, हे मला तेव्हाही माहीत होते. पण माहीत असणे वेगळे आणि ध्यानात असणे वेगळे.

क्वालिस आम्ही २००३ साली घेतली. त्याआधी गावी जायचे तर एस.टी. किंवा भाड्याची सुमो. क्वालिस भारतात २००० साली आली आणि २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली. म्हणजे ती बाजारात जेमतेम पाच वर्षे होती, पण आमच्या दारात बावीस वर्षे राहिली. आमची गाडी मागे समोरासमोर दोन बाके असलेली होती. पुढे मी आणि अब्बा, मधल्या सीटवर अम्मी, माझी पत्नी आणि मुले. मागे सामान, पाहुणे, भाचरे आणि बाजी. ही व्यवस्था कोणी ठरवली नव्हती. पहिल्याच दिवशी बाजी म्हणाली, ‘मी बारीक आहे, मी मागं बसते.’ ती तिथे बसली आणि मग ती जागा तिचीच झाली.

अब्बा गेले, अम्मी गेली. मुलीचे लग्न झाले. पुढच्या जागा रिकाम्या झाल्या, नवी माणसे आली, सून आली, नातवंडे आली. बाजी मात्र मागेच.

२०१८ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली, तेव्हा तपासणी करून, हरित कर भरून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. २०२३ मध्ये पुन्हा तेच केले. पण गेल्या दोन वर्षांत सुटे भाग मिळेनात. ब्रेकचे काम दोनदा निघाले. शेवटी मुलगा म्हणाला, ‘अब्बा, आता पुरे. सगळे बसतील अशी, पण जरा ऐषारामाची गाडी घेऊ.’

त्याने यादीच केली होती. छतभर काचेचे सनरूफ, आतून गार हवा फेकणाऱ्या सीट, चारही बाजू दाखवणारा कॅमेरा, समोर गाडी आली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, मोठा स्क्रीन. तीन ओळींच्या गाड्याही त्याने निवडल्या होत्या. पिंपरीत बनणारी टाटांची सफारी, चाकणला बनणारी महिंद्रांची एक्सयूव्ही ७०० आणि टोयोटाची हायक्रॉस. हे मागच्या वर्षीचे, म्हणजे २०२५ मधले. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले. मोठ्या गाड्यांवर आधी कर आणि उपकर मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत जात, ते चाळीसवर आले. त्यामुळे थांबलो त्याचा थोडा फायदाही झाला.

पहिल्या शोरूममध्ये आम्ही सगळे गेलो. गाडी देखणी होती. नातू सनरूफखाली उभा राहिला, सून पुढच्या सीटवर बसली, मी स्टिअरिंग धरून पाहिले. विक्रेता पोरगा मोठा हुशार. एकेक बटण दाबून दाखवत होता. कोणी काही सांगितले नव्हते, पण बाजी आपली सवयीने मागच्या ओळीकडे गेली.

मागे जायला मधली सीट पुढे पाडावी लागते. मग एक पाय उंच पायरीवर, दुसरा आत, आणि वाकून, अंग चोरून मागे सरकायचे. बाजीचे एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे. ती कशीबशी आत गेली. बसल्यावर तिचे गुडघे हनुवटीजवळ आले. दोन मिनिटांनी तिने उतरायचे म्हटले आणि उतरता येईना. मी एक हात धरला, सुनेने दुसरा. तो पोरगा हसत म्हणाला, ‘सर, थर्ड रो तशी मुलांसाठीच असते.’

तो चुकीचे बोलला नव्हता. पण बाजी बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. पदराने तो पुसत ती म्हणाली, ‘काही नाही रे, थोडं मळमळलं. मला मागं नेहमीच होतं.’

‘नेहमीच म्हणजे?’

‘क्वालिसमध्ये पण व्हायचं. ताम्हिणी लागली की जास्तच. म्हणून तर पिशवीत लिंबू ठेवते.’

ते लिंबू मी बावीस वर्षे पाहत होतो. मला वाटायचे, तिला लिंबाचा वास आवडतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मुलाची यादी मी बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न लिहिला. बाजी कुठे बसणार?

मग दर रविवारी आम्ही दोघे, बाजी आणि मी, गाड्या बघायला निघालो. खिशात बाइंडिंगची फुटपट्टी. पुठ्ठे मापण्यात जन्म गेला, त्यामुळे मापाची मला लाज वाटत नाही. जमिनीपासून सीट किती उंच, पायरी किती उंच, दार किती उघडते, धरायला हँडल आहे का, हे मी मोजायचो आणि बाजी बसून-उठून दाखवायची. सीट तिच्या मांडीच्या उंचीला आली की ती नुसती टेकायची आणि पाय आत घ्यायची. त्याहून उंच असेल तर चढावे लागे, खोल असेल तर उठता येत नसे.

मागच्या ओळीची गोष्टही हळूहळू समजत गेली. ती सीट मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असते, म्हणून खड्ड्याचा दणका तिथे सर्वांत जास्त बसतो. खाली चाकांचा दांडा किंवा टाकी असल्याने जमीन उंच असते, म्हणून गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. खिडकी लहान असते, पुढचा रस्ता दिसत नाही. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कान सांगतात आपण वळतो आहोत. त्यातूनच मळमळ सुरू होते. आमच्या क्वालिसमध्ये तर ते बाक आडवे होते आणि पट्टाही नव्हता. ब्रेक जोरात लागला असता तर बाजीचे काय झाले असते, हा विचार आता अंगावर काटा आणतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी सात-आठ सीटची गाडी असते. घर मोठे, पाहुणे फार, कुणाला घरी ठेवून जायचे नाही, हा आपला स्वभाव. गाडी घेताना आपण म्हणतो, सगळे मावतात. पण मागे कोण बसते ते एकदा आठवून पाहा. जे तक्रार करत नाहीत, ते मागे बसतात. लहान मुले, नवी सून, परत आलेली बहीण, गावाकडची फुफी. गाडीतला ऐषाराम चालवणाऱ्याजवळून सुरू होतो आणि मागे पोहोचेपर्यंत संपतो.

घरी मी हे बोललो तेव्हा मुलगा थोडा रागावला. ‘मग सनरूफ नकोच का?’ मी म्हणालो, ‘असू दे ना, पण आधी बाजीची सीट.’ तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्यानेच नवी यादी आणली. मधल्या ओळीत दोन सुट्या सीट हव्यात, म्हणजे मधून चालत मागे जाता येईल आणि कुणाला सीट पाडून चढावे लागणार नाही. मागच्या ओळीलाही एसीची हवा हवी, तीन बिंदूंचा पट्टा हवा. माझ्या डोळ्यांत पाणी आले, पण त्याला दिसू दिले नाही.

पैशाचा प्रश्न होताच. सगळ्यांत वरचे मॉडेल घ्यायचे तर सात वर्षांचा हप्ता. बाजी म्हणाली, ‘माझ्यासाठी व्याज नको भरूस.’ मी यात कुणाला शहाणपण शिकवू शकत नाही. आमचे कटिंग मशीन बँकेच्या कर्जावरच आलेले आहे. पण या वेळी हिशेब सोपा होता. दोन पायऱ्या खालचे मॉडेल घेतले तर साठवणीत भागत होते. गेले ते सनरूफ आणि गार सीट. मधल्या दोन सुट्या सीट मात्र खालच्या मॉडेलमध्येही मिळत होत्या. आम्ही हायक्रॉस ठरवली. तिची जमीन त्यातल्या त्यात सखल होती आणि बाजीच्या मापाला ती सीट बसली. दुसऱ्याच्या घरात दुसरी गाडी बसेल, माप मात्र घरातूनच न्यावे.

आता शेवटची अडचण उरली, ती आमच्या पेठेची. आमचा वाडा पाडून इमारत झाली आहे आणि पार्किंग यांत्रिक आहे, एकावर एक खण. आमच्या वाट्याला वरचा खण होता आणि त्याची उंची साध्या गाडीची. जुनी क्वालिस म्हणूनच कायम बोळात सम-विषम तारखा बघून उभी असायची. नवी गाडी साधारण पावणेपाच मीटर लांब आणि एक मीटर ऐंशी सेंटीमीटर उंच. वरच्या खणात ती जाणे शक्यच नव्हते.

तळाचा खण आमच्या जुन्या वाड्यातल्या शेजारी काकांचा. त्यांची गाडी लहान. पण काका म्हणजे पेठेचे अस्सल माणूस, त्यांच्या दारावर सूचनांच्या तीन पाट्या आहेत. मी भीतभीतच गेलो आणि सगळे सांगितले. काकांनी ऐकून घेतले, चष्मा काढला आणि विचारले, ‘म्हणजे तुझी बाजी बसणार आहे त्यात?’

‘हो.’

‘माझ्या ज्ञानेश्वरीची पानं सुटली होती, ती तिनंच शिवून दिली होती. पैसे घेतले नव्हते.’ थोडे थांबून म्हणाले, ‘खण घे. सोसायटीला पत्र मी देतो. मात्र दुपारी एक ते चार हॉर्न वाजवायचा नाही.’

डिसेंबरात आम्ही म्हसळ्याला गेलो. मुलगा चालवत होता, शेजारी सून. मधल्या एका सीटवर पत्नी, दुसऱ्या सीटवर खिडकीशी बाजी. मागे दोन नातवंडे आणि मी.

पौड मागे पडले. डावीकडे-उजवीकडे डोंगर सुरू झाले आणि मुळशीचे पाणी दिसू लागले. बाजी काचेला कपाळ टेकवून बघत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग मान वळवून तिने मला विचारले, ‘हे एवढं पाणी इथं आधीपासून होतं?’

मी म्हणालो, ‘होतं.’

‘मला वाटायचं, इथं नुसता घाट आहे.’

ताम्हिणीची वळणे सुरू झाली. दहा मिनिटांत माझ्या पोटात ढवळू लागले. मी काही बोललो नव्हतो, पण पुढून एक हात मागे आला. हातात लिंबू होते.