एका गावाची दोन नावे

"घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा," ही आमच्या आजीची आवडती म्हण. गेल्या सत्रात मी रोज रात्री वही उघडून बेल्जियमच्या प्रवासाचा बेत आखू लागलो, तेव्हा तिने ती मला निदान दहा वेळा ऐकवली. तिचे चुकत नव्हते. मी संध्याकाळी एका किराणा दुकानात हिशेब लिहितो आणि महिन्याला जेमतेम दीड हजार रुपये मागे टाकतो.

पण हा बेत मी हौसेने केला नव्हता. परराष्ट्र व्यापार शिकवणाऱ्या आमच्या सरांनी दोघादोघांना एकेक चिठ्ठी उचलायला लावली होती. चिठ्ठीत निघेल त्या प्रदेशाच्या दहा दिवसांच्या प्रवासाचे अंदाजपत्रक करायचे. आमच्या चिठ्ठीत निघाले 'वालोनिया'. माझा जोडीदार म्हणजे माझा बाकावरचा मित्र. तो याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. तो आकडे कन्नडमध्ये मोजतो, मी मराठीत. बेरीज मात्र आजवर कधी चुकलेली नाही.

वालोनिया म्हणजे बेल्जियमचा दक्षिणेकडचा, फ्रेंच बोलणारा भाग. क्षेत्रफळ सुमारे 16,900 चौरस किलोमीटर. आपला बेळगाव जिल्हा 13,400 च्या घरात. म्हणजे आपल्या जिल्ह्याहून थोडासाच मोठा मुलूख! राजधानी नामूर, तेथे म्यूझ आणि सांब्र या नद्यांचा संगम आहे आणि संगमावरच्या टेकडीवर किल्ला. नरसोबाच्या वाडीचा संगम पाहिलेल्या माणसाला हे चित्र डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही.

खर्चाच्या रकान्यांनी मात्र घाम फोडला. हिशेबाच्या सोयीसाठी युरोला 100 रुपये धरले. व्हिसाचे शुल्क 90 युरो, म्हणजे 9,000 रुपये. शिवाय निदान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा हवा. बाबांनी चष्मा वर करून विचारले, "तीस लाख? एवढ्याला तर आपलं घरसुद्धा कोणी मागणार नाही." हप्ता त्या मानाने अगदीच लहान असतो, हे त्यांना पटवायला मला विम्याचा सगळा धडा पुन्हा सांगावा लागला.

कामाची वाटणी आम्ही अशी केली: उतरायचे ब्रुसेल्सला, तिथून ल्यूव्हन, मग लिएज, नामूर आणि शार्लरवा. वाटेतला फ्लेमिश, म्हणजे डच बोलणारा भाग त्याने पाहायचा. फ्रेंच भाग मी.

आणि ल्यूव्हनपाशी आमचे बिनसले.

ल्यूव्हनचे विद्यापीठ 1425 सालचे. गाव डच बोलणाऱ्यांच्या मुलखात, पण विद्यापीठात शिक्षण दोन्ही भाषांतून चाले. 1962 च्या कायद्याने देशात भाषांची सरहद्द आखली गेली. पुढे 'वालून लोक बाहेर व्हा' अशा घोषणा रस्त्यांतून उठल्या. या वादात 1968 साली सरकार कोसळले आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच तुकड्यासाठी सरहद्दीपलीकडे नवे गावच वसवावे लागले, लुव्हँ-ला-नव्ह. त्याची पायाभरणी 1971 ची. ग्रंथालयही वाटले गेले. बरीचशी पुस्तके सम आणि विषम क्रमांक पाहून दोन बाजूंना गेली.

हे वाचून मी म्हणालो, "बघ, हे बाहेर काढलेले लोक म्हणजे आम्ही."

तो म्हणाला, "तू अर्धंच वाचलंस. त्याआधी शंभर वर्षं कोर्ट, कचेरी, कॉलेज सगळं फ्रेंचमध्ये. डच लोकांच्या गेंट गावातलं विद्यापीठ पूर्ण डच व्हायला 1930 साल उजाडलं. ते लोक म्हणजे आम्ही."

दोघांनाही अन्याय झालेल्याच्याच खुर्चीवर बसायचे होते, आणि खुर्ची एकच! बोलता बोलता ल्यूव्हन मागे पडले आणि आम्ही आपल्या बसस्थानकाच्या पाटीवर येऊन ठेपलो. जे बोलू नये ते मी बोललो, त्यानेही बोलून घेतले. चार दिवस आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

त्या चार दिवसांत मी एकटाच गाड्यांचे वेळापत्रक जुळवीत होतो. ल्यूव्हनहून लिएजला जाणारी गाडी काही केल्या सापडेना. अखेर उलगडा झाला, की डच बाजूच्या स्थानकांवर लिएजची पाटी 'लाउक' अशी असते. माझ्या कागदावर लिएज, फलाटावर लाउक! मी खरोखर तिथे असतो, तर माझी गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली असती आणि मी लिएजची वाट पाहत उभा राहिलो असतो.

पाचव्या दिवशी मी वही घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने अवलक्कीची बशी पुढे केली आणि "इष्टु दिवस याके बरलिल्ला?" म्हणून विचारले. इतके दिवस का आलो नाही, याचे उत्तर मला कोणत्याच भाषेत देता आले नाही. मित्राची वही पाहिली तर त्याची गतही माझ्यासारखीच. त्याने 'बेर्गन' नावाचे गाव टिपून ठेवले होते आणि वालोनियाच्या नकाशात ते त्याला कुठेच सापडत नव्हते. सापडणार कसे? फ्रेंच नकाशात ते 'मोंस' आहे. दोन्ही नावांचा अर्थ डोंगरच.

त्या संध्याकाळी आम्ही एक पान दोन रकान्यांचे केले. नामूर–नामन, तूर्ने–डोर्निक, लिएज–लाउक. मग कळले, की लिएजला तिसरेही नाव आहे, लीज. ते तिथल्या जुन्या वालून बोलीतले. शाळेत फ्रेंच शिकता शिकता ही घरची बोली मागे पडली. म्हणजे ज्यांना मी 'बाहेर काढलेले' म्हणत होतो, त्यांच्याही घरात एक भाषा गप्प झाली होती.

शार्लरवाजवळची मार्सिनेलची कोळसा खाण मित्राने सुचवली. 8 ऑगस्ट 1956 रोजी तिथे आग लागून 262 कामगार मेले. ते 12 देशांचे होते. त्यांतले 136 इटालियन. 1946 च्या कराराने इटलीने माणसे पाठवायची आणि बेल्जियमने कोळसा द्यायचा, असे ठरले होते. व्यापाराच्या पुस्तकात याला देवघेव म्हणतात. त्या खाणीत आता संग्रहालय आहे. तिच्यासाठी आम्ही एक अख्खा दिवस राखून ठेवला. त्या दिवशी खुर्चीचा विषय दोघांनीही काढला नाही.

अंदाजपत्रक माणशी पावणेदोन लाखांवर गेले. माझ्या बचतीच्या वेगाने मी तिशी गाठीन तेव्हा लिएज गाठीन. तरीही गेल्या महिन्याची बचत मी पासपोर्टच्या शुल्कात घातली. ते नेमके दीड हजारच आहे. अर्जात जन्मस्थानाचा रकाना आला आणि पेन थांबले. माझ्या जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये एक नाव, इंग्रजीत दुसरे. मी चौथीत असताना, 2014 साली, इंग्रजी नावही बदलले. घरात आम्ही म्हणतो ते तिसरेच.

"काय लिहिलंस रे?" मित्राने विचारले.

कचेरीला जे लागते ते मी लिहिले. पण आमच्या प्रवासाच्या वहीत पहिल्याच पानावर 'निघण्याचे ठिकाण' अशी ओळ आहे. तिथे दोन्ही नावे आहेत, एक माझ्या अक्षरात आणि एक त्याच्या. गाडी चुकायला नको.