पेढी चंदगडला, घर कोठे?

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत चंदगड वसले आहे. जिल्ह्याचे ठिकाण दूर, कर्नाटकातील बेळगाव मात्र जवळ. काजूच्या व्यापारासाठी इकडे बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्या श्रावक कुटुंबापुढे म्हणूनच पहिला प्रश्न घराचा उभा राहतो.

पेढीच्या दृष्टीने चंदगडच बरे. उन्हाळ्यात काजूची बी येते तेव्हा मालकाची नजर खळ्यावर हवी. पावसाआधी बी नीट वाळून गोदामात गेली नाही, तर गर डागाळतो, आणि इथला पाऊस कोणाची वाट पाहत नाही.

बेळगावात मोठी शाळा-महाविद्यालये, दवाखाने आहेत. किल्ल्यात रट्ट राजवटीत, इ. स. १२०४ च्या सुमारास उभारलेली कमल बसदी आहे; तेथे नेमिनाथांचे दर्शन घडते. मुलांना कन्नड शिकावी लागते खरी. पण व्यापाऱ्याच्या घरात आणखी एक भाषा म्हणजे भांडवलच.

खरी अडचण संध्याकाळची. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या कर्त्याला सूर्यास्तापूर्वी घर गाठायचे, तर पेढी दुपारीच सोडावी लागते. नाहीतर डबा गोदामातच उघडायचा, आणि घरच्या पंगतीत वडिलांचे पान रिकामे.

त्यातल्या त्यात बरी वाट अशी : चैत्र-वैशाखात शाळेला सुटी असते, तेव्हा सगळे घर चंदगडला. बी गोदामात गेली, की पुढचे फोडणी-सोलणीचे काम मुनीम सांभाळू शकतो; चातुर्मास बसण्यापूर्वी बिऱ्हाड बेळगावी.