पोटखराब्यातला चंडोल

आमच्या खानापूर तालुक्यात माळाला तोटा नाही. मुरमाड जमीन, वर कुसळी गवत आणि मधूनमधून तरवडाची झुडपे. सातबाऱ्यावर अशा तुकड्याची नोंद 'पोटखराबा' म्हणून होते. पाऊस पडून गेला की मी आमच्या पोटखराब्यात चंडोल बघत हिंडतो. त्या छंदात जे कळले, ते आपल्यासारख्या शेतकरी घरांपुढे ठेवावेसे वाटते.

चंडोल सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मातकट रंग, चिमणीएवढा बांधा, डोक्यावर टोकदार तुरा. परंतु सातारा-सांगलीकडे या तुऱ्याच्या चंडोलांच्या दोन जाती आहेत, मलबारी आणि साइक्सचा. दोन्ही फक्त भारतातच आढळतात. कर्नल विल्यम साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. त्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची माहिती लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तीत या पक्ष्याला 'देवा' हे नाव दिले. शास्त्रीय नावात ते आजही आहे.

दोघांना ओळखावे कसे? मलबारी थोराड, सुमारे १६ सेंटिमीटर लांब. त्याच्या छातीवर ठसठशीत काळपट रेघा असतात आणि पोट पांढुरके असते. साइक्सचा १४ सेंटिमीटरच्या आसपास. त्याची छाती व पोट तांबूस, रेघा बारीक आणि मोजक्या.

पाऊसमानही पाहावे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे. ओल्या डोंगरपठारांकडे मलबारी, तर माण, आटपाडी, जतच्या कोरड्या माळांवर साइक्सचा, असा ढोबळ हिशेब. मधल्या पट्ट्यात मात्र खात्री नसते. त्यातून पिसे झिजली, उन्हाने विटली, की रंगावर विसंबता येत नाही.

अशा वेळी कान उपयोगी पडतो. साइक्सचा चंडोल दुसऱ्या पक्ष्यांच्या उत्तम नकला करतो. एकदा मेंढरे घेऊन आलेले एक मामा माझ्याजवळ थांबले, वर पाहत म्हणाले, "मास्तर, पाखरू एकच दिसतंय, अन् आवाज चार जणांचं काढतंय की!" पुतणीने ते गाणे मोबाइलवर टिपले. घरी शांतपणे ऐकले, तर मध्येच टिटवीची ओरड निघाली. तरी नुसत्या नकलेवर निकाल देऊ नये. छातीचा फोटो, जागा आणि आवाज, तिन्ही जुळले की मगच नाव लिहावे. आवाज टिपताना वाऱ्याकडे पाठ करावी, तारीख व गाव बोलून ठेवावे.

आवाजाचे महत्त्व थोडेथोडके नाही. पेर आल्स्ट्रॉम या स्वीडिश संशोधकाने १९९८ साली झुडपी चंडोलांची गाणी, पिसे आणि वागणूक तपासली. एकच जात समजल्या जाणाऱ्या पक्ष्यांत चार निराळ्या जाती आहेत, असे त्याने दाखवून दिले.

टेंभू, म्हैसाळचे पाणी आले, तशी माळावर द्राक्षे आणि ऊस उभा राहिला. पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तरसलेल्या आमच्या मुलखात त्याचे दुःख कोण करील? थोरले दादाही आमचा माळ सपाट करायला निघाले होते. चंडोलाचे घरटे मात्र जमिनीवरच, ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला असते. मशीन फिरले की सारे संपले. मी तसे म्हणताच दादा म्हणाले, "पाखरं बघून सोसायटीचं कर्ज फिटतं का?" प्रश्न खोटा नव्हता. शेवटी वहिनींनी तोड काढली. मुरूम फार आहे, पीक धरणार नाही, अशी ताालीकडची पट्टी तेवढी गवताला ठेवायची. वैरणही होते.

तुमच्याही रानात अशी एखादी पट्टी असेल. मशीन बोलावण्याआधी एक सकाळ तिथे उभे राहा. मुलांना वही द्या, कोणता चंडोल दिसला ते लिहू द्या. सातबाऱ्यावर खराबा लिहिलेल्या जागेत कोण नांदते, हे निदान आपल्या घरात तरी ठाऊक असावे.