सगळेच बोटीतून उतरलेले

मॉरिशसचा विमानतळ आग्नेय किनाऱ्यावर आणि राजधानी पोर्ट लुई वायव्येला. त्यामुळे एका टॅक्सीच्या भाड्यात सगळा देश आडवा पाहून होतो. रॉड्रिग्जसारखी दूरची बेटं धरूनही क्षेत्रफळ जेमतेम 2040 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि उसाच्या फडात मधेच काळ्या दगडांचे माणसापेक्षा उंच ढीग. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. नांगर घालायचा तर आधी दगड वेचून बाजूला रचायला हवेत. ते आधी गुलामांनी वेचले, नंतर हिंदुस्थानातून करारावर आलेल्या मजुरांनी, म्हणजे गिरमिटियांनी. किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या जाहिरातीत हे ढीग दिसत नाहीत, पण या देशाचं खरं स्मारक मला तेच वाटलं.

इथे मूळचं कुणीच नाही. 1598 मध्ये डच आले तेव्हा बेटावर माणूस नव्हता, डोडो होता. डचांनी राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं, जावाहून ऊस आणला आणि 1710 मध्ये गाशा गुंडाळला. तोवर डोडो संपला होता. 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले, आणि माए द ला बूर्दोने या गव्हर्नरने पोर्ट लुईचं बंदर उभं केलं. त्याचं नाव मिरवणारं माएबूर गाव विमानतळापासून जवळच आहे. 1810 च्या ऑगस्टमध्ये याच गावासमोरच्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांचा सणसणीत पराभव केला. दोन्हीकडचे जखमी सेनानी एकाच वाड्यात उपचार घेत होते. तो वाडा आज संग्रहालय आहे. डिसेंबरात इंग्रज पुन्हा आले आणि जिंकले, पण फ्रेंच मळेवाल्यांची जमीन, कायदे, भाषा आणि धर्म त्यांनी तसेच राहू दिले. म्हणून आजही संसदेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये, आणि भाजीवाल्याशी घासाघीस क्रिओलमध्ये!

मधल्या पठारावर क्यूरपीपला पोचलो तर पावसाने गाठलं. किनारा कोरडा असतानाही इथे पाऊस असतो. इथून मेट्रो सुरू होते, आणि तिचं बांधकाम आपल्या लार्सन अँड टुब्रोने केलेलं. मेट्रो एबेनच्या काचेच्या इमारतींजवळून जाते. दलाल स्ट्रीटचा या देशाशी संबंध असल्याच इमारतींतून. 1980 च्या दशकातल्या भारत-मॉरिशस कर-करारातल्या सवलतीमुळे भारतात येणारी परकीय गुंतवणूक वर्षानुवर्षं मॉरिशसच्या पत्त्यावरून आली. 2016 मध्ये करार बदलला तेव्हा ती सवलत आटली. जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये अहवाल दिला होता की एकटी साखर, वाढती लोकसंख्या आणि विभागलेला समाज यामुळे या बेटाचं भवितव्य बिकट आहे. मीड यांना पुढे नोबेल मिळालं, अंदाज मात्र चुकला. युरोपने साखरेला चढा भाव दिला, त्या पैशातून कापड कारखाने निघाले, मग पर्यटन आणि वित्तसेवा आल्या. 2020 मध्ये जागतिक बँकेने देशाला उच्च उत्पन्न गटात बसवलं. कोविडने पर्यटन झोपलं आणि पुढच्याच वर्षी तो मान गेला.

पोर्ट लुईच्या मंडईत डाळपुरी घेतली. दोन पातळ पुऱ्या, आत घेवड्याची उसळ आणि मिरचीची चटणी, सगळं कागदात गुंडाळलेलं. सुट्या पैशांबरोबर हातात आलेल्या नोटेवर रक्कम इंग्रजी, तमिळ आणि हिंदीत होती, याच क्रमाने. 1998 मध्ये मध्यवर्ती बँकेने हिंदी वर आणि तमिळ खाली केली, तर असा गहजब झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीचा देश असा तोलूनमापून चालतो. सुट्ट्याही तशाच वाटलेल्या: भोजपुरी मुलखातल्यांची महाशिवरात्र, तमिळांचं थैपूसम, तेलुगूंचा उगादी, चिनी नववर्ष, ईद, नाताळ आणि मराठी माणसांची गणेशचतुर्थी. कास्कावेलसारख्या पश्चिमेकडच्या गावांत गणपती येतो आणि झाकरीही नाचली जाते.

हाच तराजू संसदेत. 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य मिळालं आणि 1992 मध्ये त्याच तारखेला देश प्रजासत्ताक झाला. ही तारीख दांडीयात्रेच्या प्रस्थानाची. बासष्ट जागा निवडणुकीने भरतात. शिवाय ज्या समाजाला प्रतिनिधित्व कमी पडलं त्याच्या हरलेल्या उमेदवारांतून आठपर्यंत जागा दिल्या जातात. त्यासाठी अजूनही 1972 च्या जनगणनेतले आकडे वापरतात. मला ही पद्धत आता कालबाह्य वाटते. जमात कागदावर लिहून घ्यायची आणि राष्ट्र एक म्हणायचं, हे जुळत नाही. पण या देशात सत्ता मतपेटीतूनच बदलत आली आहे, हेही विसरता येत नाही. 2024 मध्ये तर विरोधी आघाडीने बासष्टपैकी साठ जागा घेतल्या.

बंदराकाठी आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी 1835 मध्ये बंद झाली. भरपाई मिळाली ती मालकांना, आणि मळ्यांवरची रिकामी जागा करारावर आणलेल्या हिंदी मजुरांनी भरली. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख माणसं आली, बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, काही मुंबईहून. बोटीतून उतरून ती या घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या चढायची. झिजलेल्या त्या पायऱ्या अजून आहेत. मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. त्यांत नाव, गाव, जिल्हा आणि पुढच्या काळातले फोटोही आहेत. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं होती. आपल्या विद्यापीठांतल्या इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी त्या वह्या उघडाव्यात.