चढ आपला, उतार मुलाचा

आसनगाव स्थानकात उतरले की शहापूरचा माहुली किल्ला आजही साद घालतो. तारुण्यात तो अनेकदा चढलो. अडुसष्टाव्या वर्षी नातवंडे ‘आजोबा, चला ना’ म्हणाली, तेव्हा मात्र माथ्याजवळची लोखंडी शिडी आठवली आणि मन कचरले.

डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिने रोज सपाटीवर चाललो, मांड्यांचे व्यायाम केले आणि माहुलीऐवजी मुरबाड तालुक्यातून चढणारा नाणेघाट निवडला. हिवाळ्यातल्या एका सकाळी वैशाखऱ्याजवळून निघालो. हाती काठी, आणि नियम एकच: बोलताना धाप लागली की थांबायचे. सातवाहनकाळी कोकणातून जुन्नरकडे जाणारे व्यापारी याच वाटेने चढत. प्रत्येक थांब्यावर त्यांची गोष्ट पुढे सरकत गेली. त्यामुळे माझ्या थांबण्याचा मुलांना कंटाळा आला नाही.

माथ्यालगतच्या लेण्यात सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख पाहिला. वर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. नातीने विचारले, “आजोबा, तुमची जकात किती?”

“दोन्ही गुडघे,” मी म्हणालो.

उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो. म्हणून मुलगा माळशेजमार्गे गाडी घेऊन माथ्यावर आला होता. पूर्वी असे परतणे मला कमीपणाचे वाटले असते; त्या दिवशी मी निमूटपणे गाडीत बसलो.

माहुलीचा माथा आता नातवंडांचा. पायथ्याच्या देवळापर्यंत सोबत येण्याचे मी कबूल केले आहे.